थोरली धाव, धाकटी धाव

देवास म्हणजे एकाच गावात नांदलेली दोन राज्यं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू माळव्यात स्थिरावले. थोरल्याची ती थोरली पाती आणि धाकट्याची ती धाकटी पाती, अशी वाटणी झाली. राजे दोन, दरबार दोन, टेकडीवरच्या देवीपुढे मात्र दोघांचंही डोकं वाकलेलं. 1948 मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि ही गंमत इतिहासात जमा झाली. ड्युएथलॉन हा खेळ कुणाला समजावून सांगायचा असेल, तर मला याच वाटणीची आठवण होते. इथेही धावा दोन. आधी थोरली, मग सायकल, मग धाकटी. प्रमाणित स्पर्धेत 10 किलोमीटर धाव, 40 किलोमीटर सायकल आणि पुन्हा 5 किलोमीटर धाव. कागदावर धाकटीचा वाटा थोरलीच्या निम्माच आहे. प्रत्यक्षात सगळी थकबाकी तिच्याच दारात वसूल होते.

हवा बरी असेल तर ही वसुली सौम्य असते. ऊन, पाऊस, वारा किंवा थंडी यांतलं काही अंगावर आलं, तर तीच वसुली निर्दय होते. धार-देवासच्या पठारावर वर्षभरात या चौघांचीही हजेरी लागते. अशा हवेत ही स्पर्धा करावी का, करायची तर कधी आणि कशी, या प्रश्नाभोवती शरीरशास्त्र, नियम, अनुभव आणि हट्ट यांची बरीच गर्दी आहे. तिचा हा आढावा.

खेळाचा पिंड

या खेळाचं वय फार नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत तो 'बायथलॉन' या नावानं खेळला जाई. बर्फावरची घसरण आणि बंदुकीची नेमबाजी यांचा हिवाळी खेळ त्याच नावाचा असल्यानं गोंधळ होऊ लागला आणि 'ड्युएथलॉन' हे नाव रूढ झालं. 1990 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी गावात पहिली जागतिक स्पर्धा झाली. स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेनची स्पर्धा त्याआधीच, 1989 मध्ये सुरू झाली होती. 10 किलोमीटर धाव, 150 सायकल आणि 30 धाव ही तिची नावाजलेली मांडणी. तिथे धाकटी थोरलीच्या तिप्पट होऊन बसते. नवशिक्यांसाठी 5, 20 आणि अडीच किलोमीटरची छोटी आवृत्ती असते. ऑलिंपिकमध्ये ड्युएथलॉनला अजून जागा नाही.

हवामानाशी या खेळाचं नातं मात्र जन्माचं आहे. ट्रायथलॉनमध्ये पोहण्याचं पाणी बिघडलं, फार थंड झालं किंवा खवळलं, तर आयोजक पोहणं वगळून त्या जागी धाव घालतात आणि ट्रायथलॉनचं ड्युएथलॉन होतं. ऑगस्ट 2023 मध्ये पॅरिसला ऑलिंपिकची रंगीत तालीम चालू असताना सेन नदीचं पाणी चाचणीत नापास झालं आणि मिश्र रिले शर्यत धाव-सायकल-धाव अशी खेळवावी लागली. म्हणजे हवापाणी बिघडलं की शेवटचा आसरा म्हणून ज्याच्याकडे बघतात, तो हा खेळ. मग त्याचीच हवा बिघडली तर? आसऱ्याला आसरा कुठला?

धार-देवासला हा खेळ पटण्यासारखा आहे तो साध्या कारणासाठी. पन्नास मीटरचा तलाव लागत नाही, जीवरक्षकांची फौज लागत नाही. बूट, सायकल, हेल्मेट आणि रस्ता एवढ्यावर भागतं. धारहून नालछामार्गे मांडूला जाणारा साधारण 35 किलोमीटरचा रस्ता आधी पठारावरून वळसे घेत जातो आणि शेवटी काकडा खोहच्या दरीकडे येऊन पोचतो. देवासला टेकडीचा पायथा आहे, मीठा तालाबचा काठ आहे आणि गावाबाहेर शेतांमधून गेलेले रस्ते आहेत. पीथमपूरला 2021 मध्ये खुला झालेला 11.3 किलोमीटरचा गुळगुळीत वेगपथ याच धार जिल्ह्यात आहे, पण तो मोटारींच्या चाचण्यांसाठी. सायकलवाल्यानं त्याकडे कुंपणापलीकडूनच पाहायचं.

माळव्याचं पंचांग

उत्तरेत एक जुनी म्हण आहे: सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र माळव्याची. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवरच्या या पठारावर दिवस कितीही तापला तरी रात्र निवते, म्हणून ही ख्याती. याच हवेसाठी 1948 मध्ये कुमार गंधर्व देवासला आले. क्षयानं फुफ्फुस पोखरलं होतं, गाणं बंद होतं आणि कोरड्या हवेत राहा असा वैद्यकीय सल्ला होता. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं, ते बरे झाले आणि जवळजवळ एका फुफ्फुसाच्या बळावर पुन्हा गायला लागले. छोट्या, झेपावणाऱ्या स्वरवाक्यांची त्यांची गायकी या मर्यादेतून घडली असं पुष्कळ रसिक मानतात. लांब पल्ल्याच्या खेळाडूनं देवासला येऊन एवढं एक जरी उचललं तरी पुरे: श्वास किती आहे ते आधी ओळखायचं आणि मांडणी त्याच्या मापानं करायची.

पण ज्या हवेनं गवयाला तारलं, ती बाराही महिने धावपटूला तारत नाही. एप्रिलपासून ऊन चढतं. मे महिन्यात पारा 40 ते 42 अंशांवर राहतो आणि काही दिवस त्याहूनही वर जातो. दुपारी लू वाहते. जूनमध्ये धुळीची वादळं आणि विजा येतात. मग सप्टेंबर अखेरपर्यंत पाऊस, वर्षाला साधारण 900 मिलिमीटरच्या आसपास, आणि कापसाच्या काळ्या जमिनीचा बुटाला धरून बसणारा चिखल. ऑक्टोबरात ऊन पुन्हा डोकं वर काढतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक आकडी होतो, कधी धुकं उतरतं. वाऱ्याची साक्ष हवी असेल तर देवासजवळच्या जामगोदरानी टेकड्यांवरच्या पवनचक्क्या बघाव्यात. वारा नसता तर त्या तिथे कुणी उभ्या केल्या नसत्या.

ऊन: हिशेब कुठे चुकतो

माणसाचा स्नायू हे फार काटकसरी यंत्र नाही. खर्च झालेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीत जातो, बाकीची उष्णता होते. सत्तर किलो वजनाचा धावपटू ताशी 12 किलोमीटरनं पळाला तर तासाला आठशेच्या पुढे किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातल्या सहाशेहून अधिक उष्णता म्हणून अंगात साठू पाहतात. ती बाहेर पडलीच नाही असं धरलं, तर दर पाच-सहा मिनिटांना अंगाचा ताप एक अंशानं वाढेल. तो वाढत नाही याचं श्रेय घामाला. एक लिटर घाम वाळताना साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. महत्त्व वाळण्याला आहे. ठिबकून रस्त्यावर पडलेला घाम फुकट गेला.

म्हणूनच नुसता पारा बघून शर्यतीचा निर्णय घेता येत नाही. यासाठी जगभर एक मिश्र निर्देशांक वापरतात. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा सत्तर टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या आतला आकडा वीस टक्के आणि सावलीतला नेहमीचा पारा फक्त दहा टक्के. 1950 च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण छावण्यांत जवान उष्माघातानं कोसळू लागले, तेव्हा हे गणित बसवलं गेलं. मांडणीतच कळतं की दमटपणाला सगळ्यांत जास्त मान आहे. ढोबळ अंदाज करू. देवासची मे महिन्यातली दुपार, 42 अंश आणि हवेत 15 टक्के आर्द्रता: निर्देशांक तिशीच्या आसपास येतो. मुंबईची जूनमधली उन्हाची दुपार, 33 अंश पण आर्द्रता 75 टक्के: निर्देशांक 32 च्या घरात जातो. नऊ अंशांनी गार असलेली मुंबई धावणाऱ्याला जास्त घातक! 32 च्या पुढे स्पर्धा थांबवावी, हा सर्वसाधारण संकेत आहे. 28 च्या पुढेच अंतर कमी करण्याचा विचार सुरू होतो.

यावरून माळव्याच्या माणसानं फुशारून जाऊ नये. कोरड्या उन्हाचा कावा वेगळा आहे. घाम फुटतो आणि कळायच्या आत वाळतो. अंग कोरडं दिसतं, म्हणून पाणी गेलं नाही असं वाटतं, आणि तासाला दीड लिटर निघून गेलेलं असतं. त्यात सायकलवरचा वारा. हवा त्वचेपेक्षा गार असते तोवर ताशी 30 किलोमीटरचा वेग म्हणजे फुकटचा पंखा. हवा 42 अंशांची झाली की तोच पंखा भट्टीचा भाता होतो, उष्णता काढण्याऐवजी आणून टाकतो आणि सगळा भार घामावर पडतो.

आणि मग येते धाकटी धाव. सायकल स्टँडला लावून, बूट बदलून स्पर्धक पळू लागतो तेव्हा अंगावरचा वारा ताशी 30 वरून एकदम 10-12 वर आलेला असतो. उष्णता तयार होण्याचा वेग मात्र कमी होत नाही, कारण पळताना आता स्वतःचं सगळं वजन उचलायचं असतं. पेंडल मारून मांड्या लाकडासारख्या झालेल्या, साठवलेली साखर संपत आलेली, रक्तातलं पाणी घटलेलं आणि पंखा बंद. नुसत्या मॅरेथॉनमध्ये किंवा नुसत्या सायकल शर्यतीत हा क्षण येत नाही. ड्युएथलॉन उन्हात धोक्याचं ठरतं ते या दुसऱ्या बदलानंतरच्या पहिल्या किलोमीटरमुळे. वैद्यकीय तंबू बहुतेक ठिकाणी अंतिम रेषेपाशी असतो. तो या किलोमीटरच्या शेवटी हवा.

उदाहरणं हवीत तेवढी आहेत. सप्टेंबर 2016 मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेलला जागतिक ट्रायथलॉन मालिकेच्या अंतिम शर्यतीत जॉनी ब्राउनली आघाडीवर होता. शेवटच्या काही शे मीटरांत त्याचे पाय भरकटले. मागून आलेल्या थोरल्या भावानं, अ‍ॅलिस्टरनं, त्याला खांद्याचा आधार देत नेलं आणि अक्षरशः रेषेपलीकडे ढकललं. 2019 च्या दोहा जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उन्हाच्या धाकानं मध्यरात्री सुरू केली, तरी दमट हवेत 68 पैकी 28 जणींनी वाटेतच शर्यत सोडली. आपल्याकडचं उदाहरण तर खेळाचंही नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात एका सरकारी सोहळ्याला लोक नुसते उन्हात बसले होते, पारा चाळिशीच्या खालीच होता, तरी 14 जणांचा जीव गेला. आणि इतिहासात डोकवायचं तर धारच्या दक्षिणेला, नर्मदेकाठच्या रावेरखेडीला जावं लागतं. आयुष्यभर घोड्यावर बसून मुलूख पालथा घातलेले पहिले बाजीराव 28 एप्रिल 1740 रोजी तिथे वारले, वयाच्या चाळिशीच्या आत. निमित्त ज्वराचं झालं, आणि तो उष्माघात असावा असा काहींचा कयास आहे. तो बरोबर असेल वा नसेल, नर्मदेकाठचा एप्रिल कुणाची कीर्ती विचारत नाही एवढं खरं.

उष्माघाताची खूण फार अवघड नसते. माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो, चिडतो आणि अंगाचा आतला ताप 40 अंशांच्या पुढे गेलेला असतो. उपचाराचा क्रम मात्र आपल्याकडे उलटा होतो. आधी रुग्णवाहिका शोधतात, मग गारवा. खरा क्रम आधी गार करणं, मग हलवणं. पहिल्या अर्ध्या तासात बर्फाच्या पाण्यात बसवलेला माणूस बहुधा वाचतो. गुरांच्या पाण्याचा एक मोठा टब आणि बर्फाच्या चार लाद्या, एवढ्यात ही सोय होते. ती नसेल तर मे महिन्यात शर्यत घेण्याचा अधिकारही नसावा.

पाणी: कमीही घातक, जास्तही

माळव्यात लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची रीत आहे. कांदा उष्णता शोषत नाही. पण ज्याच्या खिशात कांदा आहे तो माणूस उन्हाची आठवण ठेवून घराबाहेर पडलेला असतो, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं कैरीचं पन्हं करतं: पाणी, मीठ, साखर. दवाखान्यातल्या इलेक्ट्रॉलच्या पुडीतही मुळात हेच त्रिकूट असतं.

पाण्याबाबत मतं बदललेली आहेत आणि नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. एके काळी शर्यतीत पाणी पिणं कमकुवतपणाचं मानत. नंतर लंबक उलटा गेला आणि तहान लागायच्या आतच पीत राहा असा उपदेश सुरू झाला. त्याचा भोग रक्तातल्या सोडियमनं भोगला. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के जणांचं सोडियम धोक्याच्या पातळीखाली आलेलं आढळलं. त्यात हळू धावणारे आणि वाटेत पोटभर पाणी पिणारे जास्त. मळमळ, डोकेदुखी, भ्रम ही लक्षणं पाणी कमी पडलं काय किंवा जास्त झालं काय, सारखीच दिसतात, म्हणून अशा धावपटूला कुणी आणखी पाणी पाजलं तर ते विष ठरतं. आता जाणकार सांगतात ते साधं आहे. सरावाच्या आधी आणि नंतर काट्यावर उभं राहा, तासाला आपला किती घाम जातो ते ओळखा, आणि शर्यतीत वजन वाढणार नाही एवढंच प्या. सायकलवर बाटली हाताशी असते, पोट हलत नाही. पिण्याचा खरा काळ तो. धाकट्या धावेत पिण्यापेक्षा डोक्यावर ओतलेलं पाणी जास्त कामाला येतं.

शरीर उन्हाला सरावतं, ही जमेची बाजू. रोज तासभर उन्हात हलका सराव केला तर दहा ते चौदा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. सराव थांबला की दोन-चार आठवड्यांत ही कमाई ओसरते. म्हणून पुण्या-नाशिकच्या गार हवेतून थेट येऊन मे महिन्यात धारला शर्यत मारणारा आणि चैत्रापासून तिथेच पळणारा, हे दोघे एका रेषेवर उभे असले तरी एका शर्यतीत नसतात.

पाऊस, वीज, वारा आणि थंडी

पावसात धावणारा सुखावतो, सायकलवाला घाबरतो. दोन्ही भूमिका एकाच माणसाला वठवायच्या असल्यानं पावसाळी ड्युएथलॉन हा मनाचा खेळ होतो. 27 जुलै 2021 ला टोकियो ऑलिंपिकची महिला ट्रायथलॉन पावसामुळे पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाली, आणि तरी ओल्या वळणांवर जगातल्या उत्तम सायकलपटू घसरल्या. आपल्याकडे पहिल्या पावसाचा धोका सर्वांत मोठा. उन्हाळाभर डांबरावर सांडलेलं तेल आणि धूळ यांचा लेप तयार होतो. रंगवलेले पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, रेल्वे फाटकाचे रूळ यांवर चाक वळवायचंच नाही, सरळ पार व्हायचं. रिम ब्रेक ओले झाले की पकडायला जास्त अंतर घेतात. डिस्क ब्रेक बरे. टायरमधली हवा थोडी कमी ठेवली तर पकड वाढते. शेतातून ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणलेली काळी माती हा माळव्याचा खास सापळा. कोरडी असताना ढेकूळ, ओली झाली की लोणी.

विजेबद्दल मात्र चर्चा नको. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंत मध्य प्रदेश देशात पुढे असतो. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर शर्यत थांबवायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणालाही रस्त्यावर सोडायचं नाही. मोकळ्या पठारावर सायकलस्वार हीच सगळ्यांत उंच वस्तू असते.

वाऱ्याचं गणित उन्हापेक्षा सोपं, पण अहंकाराला झोंबणारं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 30 नं जाणाऱ्याला समोरून ताशी 15 चा वारा लागला, तर अडथळा सव्वादोन पट होतो. घड्याळातला वेग टिकवायच्या हट्टानं जो पेंडल दाबतो तो धाकट्या धावेसाठी काहीच शिल्लक ठेवत नाही. अनुभवी माणूस वाऱ्याविरुद्ध वेग सोडतो आणि दमाचं माप धरतो. हौशी गटांत पुढच्याच्या आडोशानं चालवायला बहुतेक स्पर्धांत मनाई असते, त्यामुळे प्रत्येकाचा वारा प्रत्येकानंच खायचा.

थंडीला आपण हसतो, आणि ते चुकतं. 22 मे 2021 ला चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीवर अचानक गारा, पाऊस आणि वादळी वारा कोसळला. पातळ कपड्यांतले 21 धावपटू गारठून मेले. माळव्यात हिमवर्षाव नाही, पण जानेवारीच्या पहाटे सात-आठ अंशांत थोरल्या धावेत भिजलेला बनियन सायकलवर ताशी 30 च्या वाऱ्यात अंगाला चिकटतो, तेव्हा बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबला की नाही ते कळेनासं होतं. सायकलवर चढताना चढवायला एक कोरडं जाकीट आणि हातमोजे, एवढ्यानं हा प्रश्न सुटतो. धुकं मात्र जाकिटानं सुटत नाही. धुक्यात महामार्गाजवळचा मार्ग रद्दच करावा.

सोसणं की थांबणं

आता मतांकडे. एका पंथाचं म्हणणं असं की खडतर हवा हाच या खेळाचा अर्थ आहे. सुखाची हवा बघून धावायचं तर घरातला ट्रेडमिल काय वाईट? या पंथाला मराठी दाखलेही मिळतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी छेदणारी सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये तीच शर्यत एकट्यानं पूर्ण केली. त्या वाटेवर अ‍ॅरिझोनाचं वाळवंट आहे, रॉकीची थंडी आहे. नागपूरचा उन्हाळा ज्यानं पाहिला त्याला वाळवंटाचं भय कमी, असंही कौतुकानं म्हटलं जातं.

दाखले खरे आहेत, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. या मंडळींमागे वर्षानुवर्षांचा सराव होता आणि पूर्ण वेळ गाडीतून चालणारं पथक होतं; कुणी झोप मोजत होतं, कुणी पाणी. रविवारच्या स्पर्धेत नाव नोंदवलेल्या बँकेतल्या कारकुनामागे किंवा शाळेतल्या बाईंमागे काय असतं? दर पाच किलोमीटरला एक टेबल आणि त्यावर कागदी पेले. म्हणून दुसरा पंथ म्हणतो की आयोजकानं सर्वांत कच्च्या स्पर्धकाला नजरेसमोर ठेवावं. हवा बिघडली की अंतर कमी करावं, वेळेची मर्यादा सैल करावी, आणि गरज पडली तर झेंडा खाली घ्यावा. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उन्हासाठी आठशे किलोमीटर उत्तरेला, साप्पोरोला हलवली होती. जिथे ऑलिंपिक हलतं तिथे गावच्या शर्यतीनं ताठ राहायचं कारण नाही.

मला दोन्ही पंथांचा एक समान दोष दिसतो. दोघंही तारीख ठरल्यानंतरचं बोलतात. शर्यत मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आहे हे गृहीत धरलं की मग सोसायचं की थांबायचं एवढाच वाद उरतो. खरा निर्णय त्याआधीचा, पंचांगाचा आहे.

आणि पंचांगाचं शहाणपण या मुलखाला नवं नाही. मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करत. नद्या उतरल्या, चारा वर आला, वाटा वाळल्या की दसऱ्याला सीमोल्लंघन. मोहिमेचा काळ तिथून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. धार-देवासचे पवार याच वेळापत्रकानं माळव्यात आले आणि टिकले. ड्युएथलॉनलाही इथे तेच लागू पडतं. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत शर्यती. चैत्र-वैशाखात पहाटे पाच ते साडेसहा एवढाच सराव. ज्येष्ठात विजांना वाट मोकळी. श्रावण-भाद्रपदात धाव चालू, सायकल घरात स्टँडवर. हट्टानं उन्हाळ्यातच शर्यत घ्यायची असेल तर छोटी आवृत्ती घ्यावी, 5, 20 आणि अडीच किलोमीटरची, पहाटे पाचला सुरू होणारी, म्हणजे धाकटी धाव सूर्य डोक्यावर यायच्या आत उरकेल. रात्री माळवा गार होतो म्हणून रात्रीची स्पर्धा सुचवणारेही भेटतात. त्यांनी रात्री दहाला डांबरावर हात ठेवून बघावा. दिवसाचं ऊन तिथे साठवलेलं असतं. माळव्याची रात्र निवते ती पहाटेकडे.

पावसाळ्यात छावणी करून बसलेल्या फौजेला कुणी भित्री म्हटल्याचं ऐकिवात नाही. 1728 चा पावसाळा सरला, दसरा झाला आणि चिमाजी अप्पा माळव्यावर निघाले. 29 नोव्हेंबरला धारच्या पश्चिमेला अमझेऱ्याजवळ मोगल सुभेदार गिरधर बहादूरचा पाडाव झाला आणि माळव्याचं दार मराठ्यांना उघडलं. नोव्हेंबरच्या त्या शेवटच्या आठवड्यात आजही धारच्या रस्त्यावर पहाट गार असते, डांबर कोरडं असतं, वारा बेताचा असतो आणि सूर्य नऊ वाजेपर्यंत कुणाच्या वाटेला जात नाही. धार-देवासला कुणी ही शर्यत घ्यायची ठरवलीच, तर तारखेसाठी फार शोधाशोध करायला नको.